पहाटेच्या काचेवरचा माणूस

“माणूस हलतो, जमीन हलत न्हाय,” असं कल्याणप्पा दिवसातून एकदा तरी म्हणायचेच. गिऱ्हाईक फोटोला बसलं आणि ऐन वेळी त्यानं नाक खाजवलं की म्हणायचे. लग्नाच्या मांडवात नवरदेवानं मान वळवली की म्हणायचे. आणि कुणी विचारलं, की आप्पा, चांगली माणसं सोडून तुम्ही पहाटं उठून त्या नदीच्या चिखलाचे फोटो कशाला काढता, तर काळ्या फडक्याखालून डोकं बाहेर न काढता त्यालाही हेच उत्तर मिळायचं.

ढोकीच्या पेठेत, स्टेशनाकडं जाणाऱ्या वाटेवर त्यांचं दुकान होतं. पुढं एक खोली, मागं पडदा, आणि पडद्यावर त्यांनी स्वतःच रंगवलेलं तळं. तळ्यात दोन हंस होते. त्यातला एक बदकासारखा झाला होता, पण तो पुसून नवा काढायला आप्पांना कधी सवड झाली नाही. कॅमेरा सागवानी, पितळी कोपऱ्यांचा, पुढं भाता असलेला. चित्र उतरायचं ते काचेवर, म्हणून आप्पांच्या तोंडी फोटोला काच हाच शब्द होता. आज काच बरी उतरली, आज काच वाया गेली, असं ते घरी येऊन सांगायचे आणि रुद्रम्मा, त्यांची बायको, चुलीपुढून मान हलवायची.

“लोकं नवरानवरीचे फोटू काढून पोट भरत्यात,” ती शेजारणींना सांगायची, “आमचं माणूस चिखलाचे फोटू काढून पाय भरून येतंय. वट्टा कुणी धुवायचा?”

चिखलाचं हे वेड त्यांना जन्मापासून नव्हतं. आमच्याकडं लिंगायतांच्या घरी कुणी लिंगैक्य झालं, की देह निजवत नाहीत. त्याला बसवतात, कपाळाला विभूती लावतात, फुलांनी सजवतात, आणि घरची सगळी माणसं भोवती दाटीनं उभी राहतात. तशा वेळी आप्पांना बोलावणं यायचं. असल्या फोटोत दरवेळी एक गोष्ट घडायची. भोवतीची माणसं रडायची, हुंदक्यानं हलायची, ती काचेवर पुसट यायची. मधे बसलेला तेवढा लख्ख यायचा. मिशीचा केस न् केस, भुवईतला व्रण, सगळं. आप्पांनी आपल्या आईचाही असा फोटो काढला. त्यात कॅमेऱ्याचं टोपण काढून शेजारी जाऊन थांबलेले ते स्वतः धुरासारखे उभे आहेत आणि आई मात्र आत्ता काही बोलेल अशी बसली आहे. ती काच धुतल्यावर बरेच दिवस त्यांनी कॅमेऱ्याच्या पेटीला हात लावला नाही. मग एका पहाटे उठले, पेटी आणि तिपाई खांद्यावर टाकली आणि नदीवर गेले. त्या दिवसापासून जात राहिले.

नदी म्हणजे तेरणा. ढोकीच्या खालच्या अंगाला, गाडीवाटेनं बरंच चाललं की एक ओढा तिला येऊन मिळतो. तिथं नदी एकदम पसरते. पावसाळ्यात फुगून येते आणि ओसरताना सगळा गाळ त्या पसरट जागेत टाकून जाते. दिवाळीनंतर पाणी घोटाभर उरतं, गाळ मात्र कंबरेएवढा असतो. दोन पाण्यांच्या मधली ती काळी जागा, तिला लोक मळई म्हणतात. तिथं नांगर चालत नाही आणि नावही चालत नाही. बगळे उभे असतात, लव्हाळा असतो, पलीकडच्या काठाला बाभळी असतात. थंडीच्या दिवसांत पहाटे मळईवर धुकं असं बसतं, की बाभळींचे शेंडे नुसतेच हवेत टांगल्यासारखे दिसतात. मग पूर्वेला फटफटतं, आणि गाळावर ठिकठिकाणी साचलेलं पाणी एकेक करून उजळायला लागतं. एवढंसं ते बघायला आप्पा उजाडायच्या दोन तास आधी उठायचे.

त्यांची कामाची रीत त्यांचीच होती. नदीत अंघोळ करायची, कपाळाला विभूती ओढायची, तिपाई गाळाच्या कडेला रोवायची, काच चढवायची. मग कॅमेऱ्याचं टोपण काढायचं आणि त्याच्या बाजूला घोंगडीवर बसून गळ्यातल्या चांदीच्या करडगीतून इष्टलिंग काढायचं, डाव्या तळहातावर ठेवायचं, उजव्या हातात रुद्राक्षाची माळ घ्यायची. नजर लिंगावर ठरवायची आणि ओठातल्या ओठात नमः शिवाय सुरू करायचं. पहाटेच्या मंद उजेडाला काच उतरायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात बरोबर एक माळ व्हायची. माळ संपली की टोपण लावायचं. घड्याळ त्यांच्याकडं होतं, पण ते दुकानात टांगलेलं.

याचा अर्थ असा, की कॅमेरा उघडा असताना आप्पा समोर काय आहे ते कधीच बघत नव्हते. पूजेच्या वेळी लिंगावरून नजर काढायची नाही, हे त्यांच्या गुरूनं लहानपणी सांगितलेलं आणि त्यांनी पाळलेलं. साऱ्या वस्तीला ते माहीत होतं. म्हशीवाला तिथून जाताना म्हशीच्या गळ्यातली घंटा मुठीत धरायचा.

मळईच्या वरच्या अंगाला, बांधापलीकडं, धोंडीबाची वस्ती होती. धोंडीबा म्हातारा, बायको मागंच गेलेली, घरात एक मुलगा बलभीम आणि सून द्वारकाबाई. बलभीमाच्या लग्नाचा फोटो आप्पांनीच काढला होता. त्या फोटोत द्वारकाबाई चांगली आली होती, मुंडावळ्यांसकट. बलभीम काही आला नाही. तो होताच तसा. एका जागी उभा राहणं त्याच्या अंगात नव्हतं. टोपण काढलं की त्याला हसू यायचं, डास चावायचा, कुणीतरी हाक मारल्याचा भास व्हायचा. चेहऱ्याच्या जागी नुसता एक पांढुरका डाग आला होता.

“हलतोस लेका,” आप्पा म्हणाले होते. “परत काढू कवातरी.”

“काढा की आप्पा. मी कुटं पळून चाललोय.”

तो फोटो परत काढायचा राहून गेला.

मग ते साल आलं, ज्या साली बार्शीच्या बाजूला स्वातंत्र्य आलं आणि इकडं निजामाचंच राज राहिलं. इकडची तरणी पोरं रातोरात हद्द ओलांडून निजामाशी लढणाऱ्यांच्या पलीकडच्या छावण्यांत जायला लागली. गावोगाव अमीन, म्हणजे निजामाचा फौजदार, चौकशा करत फिरू लागला, चावड्यांवर बंदूकवाले जवान बसले. भादव्यात तेरणेला मोठा पूर आला. त्या पुरात बलभीम बैल सोडवायला म्हणून नदीकडं गेला आणि परत आला नाही. पूर ओसरल्यावर बैल सापडला, मळईत, पोट फुगलेला. बलभीम सापडला नाही.

तेव्हापासून वस्तीत दोन बोलणी होती. निम्मे म्हणायचे, गेला बिचारा, गाळानं गिळला. निम्मे आवाज खाली आणून म्हणायचे, कसला गेला, बैलाचं निमित्त करून पलीकडं सटकला. अमीन दोनदा येऊन घर उलटंपालटं करून गेला होता, त्यामुळं हे दुसरं बोलणं कुणी मोठ्यानं बोलत नसे. द्वारकाबाईचं कपाळ तेवढं रोज सकाळी ताज्या कुंकवानं भरलेलं असायचं. बाया नदीवर तिच्याकडं बघायच्या आणि मग आपल्या धुण्याकडं बघायच्या.

पौषातली एक पहाट. धुकं दाट होतं, थंडी हाडात शिरणारी. आप्पांनी नेहमीसारखी काच लावली, टोपण काढलं, माळ घेतली. माळेच्या मधेच केव्हातरी गाळातून पाय उपसल्याचा आवाज त्यांच्या कानावर आला. चिखल पाय सोडताना करतो तो आवाज. म्हशीवाला असंल, असं मनात येऊन गेलं आणि ते परत नामात बुडाले. माळ संपली, टोपण लावलं, वर बघितलं. धुकं होतं आणि बगळे होते.

त्या दिवशी दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत, लाल कंदिलाच्या उजेडात ती काच औषधात घातली, तेव्हा आधी बाभळी वर आल्या, मग पाण्याची चकाकी आली, आणि मग मधोमध, मळईच्या ऐन काळ्या भागात, एक माणूस वर आला. गुडघ्यांपर्यंत धुक्यात. एक हात कंबरेवर. त्याच्या छातीतून पलीकडची बाभूळ दिसत होती.

आप्पांनी रुद्रम्माला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली, वाकून बघितलं आणि चटकन मागं सरली.

“शिव शिव. हे काय धरून आणलंत घरात?”

“माणूस हाय गं.”

“माणसातून झाड दिसतंय?”

“अर्धा वेळ उभा ऱ्हायला आन् अर्ध्या वेळात निघून गेला, की असंच येतंय. तेवढा वेळ त्याच्या मागचं झाडबी काचंनं बघितलं.” आप्पा काच कंदिलाजवळ नेऊन बघत होते. कंबरेवरचा तो हात, आणि त्या बाजूला कललेलं अंग. चेहरा नव्हताच, पांढुरका डाग होता. हा डाग त्यांनी आधी एकदा बघितला होता.

दुपारी उन्हात कागदावर ती काच उतरवून आप्पा थेट धोंडीबाच्या वस्तीवर गेले. त्यांच्या मनात एवढंच होतं, की म्हाताऱ्याला सांगावं, तुझं पोरगं जितं आहे. अंगणात धोंडीबा सुतळी वळत बसला होता.

“या आप्पा. च्या-बिया काय न्हाय आमच्यात, ताक हाय.”

“ताक मागनं. हे आधी बघा. आन् आवाज करू नका.”

धोंडीबानं कागद हातात घेतला. जवळ नेला, लांब धरला. बराच वेळ बघत राहिला. सुतळी त्याच्या मांडीवरून घसरून खाली गेली.

“बलभीम,” तो म्हणाला.

“व्हय. आज पहाटं. मळईत.”

“ह्येच्या छातीतनं बाभळ दिसतीय, आप्पा.”

आप्पांनी समजावून सांगितलं. अर्धा वेळ, निम्मा उजेड, काचेची रीत. धोंडीबानं सगळं ऐकून घेतलं.

“तुमी बघितलं त्याला?”

“न्हाय. माझी नजर लिंगावर व्हती.”

“मोरं उभा व्हता आन् तुमी बघितला न्हाय?”

“पुजेत बघत न्हाय मी. तुमाला ठावं हाय.”

“पाय कुटंयत ह्येचे?”

“पाय धुक्यात हायेत, धोंडीबा. खाली गाळ हाय, त्यात रुतल्यात.”

“मला तर दिसत न्हाईत.” म्हाताऱ्यानं कागद जपून, दोन्ही हातांनी परत दिला. “चार म्हैने झाले. माझं पोरगं त्या गाळात उभं हाय, आन् म्या हितं वाकळ पांघरून झोपतोय. लोकं म्हनत व्हती, धोंडीबा, देह न्हाय तर पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी दे, पोराला वाट मोकळी व्हईल. म्या ऐकलं न्हाय. आता ह्या अवसेला देतो. तुमचे लई उपकार झाले, आप्पा.”

आप्पांनी पुन्हा सांगायला तोंड उघडलं, पण म्हातारा उठून गोठ्याकडं चालला होता आणि त्याचे खांदे हलत होते. अवसेला पुतळा जळणार, आणि त्याच दिवशी द्वारकाबाईचं कुंकू पुसलं जाणार, बांगड्या फुटणार. आपण आलो नसतो तर हे झालं नसतं, असं घोकत आप्पा बांधापर्यंत आले. तिथं द्वारकाबाई शेणाची पाटी घेऊन उभी होती. अंगणातलं सगळं ऐकून ती मागच्या वाटेनं आधीच तिथं आली होती.

“मला दावा, आप्पा.”

त्यांनी दाखवला. तिनं कागदाला हात लावला नाही, हात शेणाचे होते. नुसती मान पुढं करून बघितलं.

“उभं ऱ्हायाची तऱ्हा त्यांचीच हाय,” ती म्हणाली. “पुरते उभे ऱ्हायले न्हाईत म्हनून असे आले, व्हय?”

“व्हय पोरी.”

“ते कशे ऱ्हातील पुरते. ताटावर बसले तरी चार डाव उठायचे.” तिला जरासं हसू आलं आणि लगेच गेलं. “मग आता पुरते उभे करा त्यास्नी. मामंजींना त्यांच्यातनं झाड दिसलं न्हाय पायजे.”

“अगं, तो येनार का, कवा येनार—”

“तुमी पुजेत बघत न्हाय, हे सगळ्या मुलखाला ठावं हाय. नदीवर त्या वक्ताला दुसरं कुनी नसतं. मला कुनी बघू नये असं वाटलं, तर म्याबी तवाच येईन.”

आप्पा घरी आले आणि पेटी उघडून बघितली. हद्दीवर नाकेबंदी झाल्यापासून सोलापूरहून काचा येणं बंद झालं होतं. पेटीच्या तळाशी काळ्या कागदात गुंडाळलेली एकच कोरी काच उरली होती.

ती त्यांनी लगेच काढली नाही. आधी डोळ्यांनी बघावं असं ठरवलं. पहाटे रिकामा कॅमेरा मांडून ते त्याच्या बाजूला बसले, तळहातावर लिंग घेतलं, माळ घेतली, आणि आयुष्यात पहिल्यांदा नजर वर उचलून समोर लावली. नाम जिभेवर अडखळत होतं. धुक्यात काहीच हललं नाही. दुसऱ्या पहाटेही तसंच. एकदा पलीकडच्या बाभळीतून टिटवी ओरडत उठली, कुणी तिला उठवल्यासारखी. आप्पा डोळे फाडून बघत राहिले. कुणी आलं नाही. ऊन वर आलं, धुकं फाटलं आणि मळई उघडी पडली, नुसती काळी.

घरी येऊन ते न जेवता पडून राहिले. रुद्रम्मा म्हणाली, “पूजा मोडून काय मिळालं?”

“काय न्हाय.”

“मग नीट पूजा करा. त्याला भ्या वाटतंय तुमच्या डोळ्यांचं.”

ती हे त्या माणसाबद्दल बोलली की आणखी कशाबद्दल, ते आप्पांनी विचारलं नाही.

अवस तोंडावर आली. धोंडीबानं पळसाची पानं आणून ओसरीवर ढीग घातला होता. त्या पहाटे आप्पांनी शेवटची काच चढवली. अंघोळ केली, विभूती ओढली, बसले, लिंग तळहातावर घेतलं आणि नजर त्यावर ठेवली. टोपणाला हात घालायच्या आधी ते बोलले. बाभळीपर्यंत पोचेल एवढ्याच आवाजात बोलले.

“बलभीमा. म्या वर बघनार न्हाय. काचंवर तुला अर्धा बघून तुझा बाप तुझा पुतळा जाळाया निघालाय. तुझ्या बायकोचं कुंकू जानार हाय. अर्धा आलास तर काय उपेग न्हाय. माझी माळ सपस्तवर उभा ऱ्हा. हलू नगंस.”

पाणी कुठंतरी झिरपत होतं. आप्पांनी माळेला हात घातला नाही, नुसते थांबून राहिले. बऱ्याच वेळानं तो आवाज आला, गाळातून पाय उपसल्याचा. एक, मग दुसरा. लांबून जवळ येत गेला आणि कॅमेऱ्यासमोर कुठंतरी थांबला. नजर न उचलता, चाचपून, आप्पांनी टोपण काढलं.

अशी माळ त्यांनी आधी कधी ओढली नव्हती. थंडीनं बधिरलेल्या बोटांतून मणी सुटत होते. लिंगावर पडलेला उजेड हळूहळू वाढत होता. समोर माणूस आहे, तर त्याचा श्वास ऐकू यावा, असं त्यांना वाटत होतं. एवढ्या थंडीत नाक ओढलं जातं, दात वाजतात, खोकला येतो. समोरून काही म्हणजे काही येत नव्हतं. मान वर करावी असं त्यांच्या सगळ्या अंगाला वाटत होतं. त्यांनी केली नाही. मेरुमणी बोटाला लागला तेव्हा त्यांनी टोपण लावलं.

“जा आता,” ते म्हणाले, आणि पाय उपसल्याच्या आवाजाची वाट बघू लागले.

आवाज आला नाही. ते बसून राहिले. पाठीवर ऊन आल्यासारखं वाटलं, तेव्हा त्यांनी लिंग करडगीत ठेवलं आणि वर बघितलं. मळई रिकामी होती. ते गाळाच्या कडेपर्यंत गेले. खड्डे होते, पाण्यानं भरलेले, काठ ढासळलेले. माणसाचे असतील, म्हशीचे असतील.

काच औषधात घातली. आधी बाभळी आल्या, मग पाणी आलं, मग माणूस. या वेळी त्याच्यातून काही दिसत नव्हतं. आप्पा कंदील जवळ घेऊन वाकले. डोळे, ओठ, हनुवटीवरचा लहानपणचा खळगा. ज्याचा चेहरा लग्नाच्या दिवशी त्यांना मिळाला नव्हता, त्याचा चेहरा आता पापणीच्या केसासकट काचेवर होता. सबंध माळभर तो हलला नव्हता. भुवई हलली नव्हती, बोट हललं नव्हतं. जन्मभर माणसांपुढं टोपण काढलेल्या आप्पांना जितं माणूस असं कधी उतरलेलं आठवेना. आठवले ते दुसरेच, फुलांत बसवलेले.

“काय झालं?” दाराबाहेरून रुद्रम्मानं विचारलं.

“काच लई चांगली उतरली.”

ती आत आली. “मग घाम कशाचा आलाय ह्या थंडीत?”

आप्पांनी काच तिच्याकडं केली. तिनं ती कंदिलापुढं धरून बघितली. सासूच्या त्या फोटोत तीही पुसट उभी होती. नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून ती म्हणाली, “तुमाला वाटतंय ते खरं असंल, नसंल. त्या पोरीला मातुर तुमी न्याल तेच खरं हुईल. काय न्यायचं ते बघा.”

आप्पांनी कागद उन्हात धरला. उमटेस्तोवर दुपार कलली. वाटेनं जाताना दोनदा थांबले. एकदा तर परत फिरून पेठेच्या बाजूला थोडं चालूनही आले. पण वस्तीवर पोचले तेव्हा त्यांनी ठरवलेलं पक्कं होतं.

धोंडीबा ओसरीवर पळसाची पानं देठांनी सारखी करत होता. त्यानं कागद घेतला. आधीसारखाच जवळ नेला, लांब धरला. मग उन्हाकडं पाठ करून परत बघितला.

“ह्येच्यातनं काय दिसत न्हाय,” तो म्हणाला.

“न्हाय.”

“पुरता हाय.”

“पुरता हाय, धोंडीबा.”

म्हाताऱ्यानं अंगठा त्या चेहऱ्यावर ठेवला, दाबला नाही, नुसता ठेवला. “वाळलंय पोरगं,” तो म्हणाला. मग मान आत वळवून हाक मारली, “सूनबाई, ही पानं उचला हितनं. पत्रावळी लावा. वाया घालवू नका.”

द्वारकाबाई बाहेर आली. सासऱ्यानं कागद तिच्या हातात दिला आणि तो डोळे पुसत मोटेकडं निघून गेला. तिनं या वेळी हात धुतलेले होते. ती खांबाला टेकून कागद बघत राहिली. तिनं नवऱ्याचा चेहरा असा थांबलेला कधी बघितला नसणार. आप्पा जायला निघाले, तेव्हा ती म्हणाली,

“बंडी तीच हाय, आप्पा. खांद्याला ठिगळ म्याच लावलंय. पुराच्या दिशी अंगात हीच व्हती.”

आप्पा थांबले.

“वली दिसतीय,” ती म्हणाली.

“धुक्यानं व्हती तशी.”

“एवढ्या थंडीत, एका बंडीवर. माणूस कुडकुडलं असतं. कुडकुडलं की काचंत पुसट येतंय, न्हाय का?” तिनं मान वर केली आणि त्यांच्याकडं सरळ बघितलं. तिला उत्तर हवं होतं. दुसऱ्या कुणाकडून तिला ते मिळणार नव्हतं.

आप्पांच्या जिभेवर खरं ते आलं होतं. त्यांनी तिच्या कपाळाकडं बघितलं.

“हलू नगंस म्हनून म्याच सांगितलं व्हतं त्याला,” ते म्हणाले. “तुझं नाव घेऊन सांगितलं व्हतं.”

तिनं मान हलवली, कागद पदरात घेतला आणि पानांच्या ढिगापाशी बसून एक काडी उचलली. पहिली पत्रावळ ती टोचू लागली. आप्पा अंगणातून बाहेर पडले तरी तिनं वर बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी अवस. पहाटे आप्पा नदीवर आले ते पेटी न घेता. घरात काच उरली नव्हती. पाय मात्र रोजच्या वेळी उठून चालू लागले होते. बांधावर द्वारकाबाई उभी होती. तिच्या हातात घडी केलेलं काळं घोंगडं होतं.

“हे तेवढं तिथं ठिवा,” ती म्हणाली. “त्यांची उभं ऱ्हायाची जागा तुमालाच ठावं.”

“पान्यात भिजंल, पोरी.”

“त्या बाभळीच्या फांदीला टाका मग. ते घेतील.”

आप्पांनी घोंगडं खांद्यावर घेतलं. वहाणा काढून बांधावर ठेवल्या, धोतर गुडघ्यांच्या वर खोचलं. इतकी वर्षं ते मळईच्या कडेला बसले होते, आत कधी उतरले नव्हते. पहिलं पाऊल टाकलं आणि गाळानं त्यांना नडगीपर्यंत घेतलं. त्यांनी पाय उपसला, पुढं टाकला, दुसरा उपसला. एकदा कलले, सावरले. घोंगडं खाली लागू नये म्हणून एका हातानं धरून ठेवलं होतं. धुक्यानं आधी त्यांचे पाय घेतले, मग धोतर, आणि शेवटी खांद्यावरचा तो काळा ठिपका तेवढा पुढं पुढं जाताना दिसत राहिला. मागं वळून त्यांनी बघितलं नाही. बांधावरून द्वारकाबाई बघत होती. तिच्या मागं, गोठ्याच्या दारात, धारेची चरवी हातात घेऊन धोंडीबाही बघत होता.